लिनक्सच्या घरास पहारेकरी हवा कीं नको ?

सन २०२५ च्या ऑक्टोबरच्या १४ व्या तारखेस मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ ह्या आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमची नेहमींची देखभाल थांबविली, आणि त्याच आठवड्यांत नेरूळ येथील आमच्या घरांत एका वादास तोंड फुटलें. आमचा संगणक दहा वर्षांचा. विंडोज ११ ला ज्या पिढीचा प्रोसेसर आणि जी सुरक्षा-चिप लागते ती ह्या म्हाताऱ्या यंत्रांत नाहीं. नवा संगणक घ्यावयाचा तर चाळीस-पन्नास हजारांचा खर्च, आणि घरांत पुतण्याची मुंज तोंडावर आलेली. तेव्हां आमच्या कन्येनें, जी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकत आहे, एका रविवारीं दुपारीं त्या यंत्रावर लिनक्सची एक आवृत्ति बसवून दिली. खर्च कांहींच नाहीं. यंत्र पूर्वींपेक्षां हलकें चालूं लागलें. वहिनींचीं प्रवचनें ऐकणें, मुलांचे अभ्यास, पत्रव्यवहार, सर्व पूर्ववत् सुरू झालें.

वाद उपस्थित झाला तो पुढें. आमचे थोरले बंधु बँकेंतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आहेत. विजेचें बिल, सोसायटीची वर्गणी, स्वतःचें निवृत्तिवेतन आणि जन्माच्या मुदतठेवी, हें सर्व ते ह्याच संगणकावरून पाहतात. त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, “अगं, ह्यांत अँटिव्हायरस कोठें आहे ?”

“मोठे काका, लिनक्सला व्हायरस लागत नाहींत.”

दादांनीं चष्मा काढून खालीं ठेवला. “बँकेंत छत्तीस वर्षें काढलीं मी. ‘आमच्याकडे चोरी होत नाहीं’ असें ज्या शाखेचा मॅनेजर म्हणे, त्या शाखेची तपासणी आम्ही सर्वांआधीं करीत असूं.”

दोघांचेंही बोलणें आम्हांस अर्धेंच पटलें. मुलीच्या बोलण्यांत तरुणपणाची घाई होती. दादांच्या बोलण्यांत अनुभव होता, पण तो विंडोजच्या घरांतला अनुभव होता. शिवाय वाशीपासून पनवेलपर्यंत ज्या ज्या बिऱ्हाडांत असें एखादें जुनें यंत्र कोपऱ्यांत बसलेलें आहे, त्या सर्वांपुढें हा प्रश्न आज ना उद्यां येणारच. म्हणून आम्हीं शक्य तेवढी चौकशी केली. आणि ती चालू असतांनाच घरांत दोन प्रसंग असे घडले कीं, पुस्तकी चौकशीपेक्षां त्यांनींच आम्हांस अधिक शिकविलें.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. ‘व्हायरस’ हा शब्द आपण घाऊक अर्थानें वापरतों. खरा व्हायरस म्हणजे दुसऱ्या आज्ञावलींत आपली नक्कल घुसडून पसरणारी आज्ञावली. ‘वर्म’ हा आपल्याच पायांनीं जाळ्यांतून ह्या यंत्रावरून त्या यंत्रावर चालत जातो. ‘ट्रोजन’ मात्र सोंग घेऊन दाराशीं येतो, आणि यजमानच त्याला हातपाय धुवावयास पाणी देऊन पाटावर बसवितो. आय्. बी. एम्. जातीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ज्याची नोंद आहे, तो ‘ब्रेन’, १९८६ सालीं लाहोरांतील दोघां भावांनीं लिहिला. पुढें पुण्यांत सातारा जिल्ह्यांतून आलेल्या कैलास व संजय काटकर ह्या बंधूंपैकीं थोरले कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करीत असत. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत व्हायरसचीच पीडा फार, असें दिसल्यावर धाकट्यानें शिक्षण चालू असतांनाच उतारा लिहावयास घेतला. त्यांतूनच ‘क्विक हील’ हें अँटिव्हायरस उभें राहिलें. २००७ सालीं कंपनीनें तेंच नांव घेतलें आणि २०१६ सालीं तिचे भाग शेअर बाजारांत आले. विषही दोघां भावांचें आणि आमच्याकडील उताराही दोघां भावांचाच, हा योगायोग मौजेचा खरा.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. फिनलंडांतील लिनस टॉरव्हल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें तिचा गाभा लिहिला व तो सर्वांस खुला केला. मुक्त-स्रोत म्हणतात तो ह्याच अर्थानें : आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणासही वाचतां येतो, सुधारतां येतो, वांटतां येतो. आपल्या देशांत ती अपरिचित नाहीं. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनें, जिची एक कचेरी आमच्या बेलापुरांतच आहे, २००७ सालीं ‘बॉस’ नांवाची तिची भारतीय आवृत्ति काढली आणि तींत मराठीची सोय केली. केरळांतील सरकारी शाळांत तर कित्येक वर्षें मुलें लिनक्सवरच शिकत आहेत.

तिला व्हायरस लागत नाहींत, हें मात्र अक्षरशः खरें नव्हे. १९९६ सालीं ‘स्टाओग’ आणि १९९७ सालीं ‘ब्लिस’ हे लिनक्सचे व्हायरस निघालेच. ते पसरले नाहींत, एवढेंच. कां पसरले नाहींत ह्याचें कारण कळलें म्हणजे निम्मा प्रश्न सुटतो.

लोक प्रथम सांगतात तें कारण अधिकाराचें. लिनक्सवर रोजचा वापर सामान्य माणसाच्या हक्कानें होतो. यंत्राच्या मुळाशीं हात घालावयाचा तर निराळा परवलीचा शब्द द्यावा लागतो. हें खरें आहे, परंतु विंडोजनेंही २००७ पासून अशीच पृच्छा सुरू केली आहे, तेव्हां ह्या कारणाची फार फुशारकी मारण्यांत अर्थ नाहीं. दुसरें कारण असें कीं, घरगुती संगणकांपैकीं लिनक्सचे संगणक फार थोडे. चोर वर्दळीच्या वाड्यांतच आधीं शिरतो. आमच्या मतें खरें बळ तिसऱ्याच गोष्टींत आहे. विंडोजच्या घरांत एखादी आज्ञावली हवी झाली कीं मनुष्य जाळ्यावर शोधावयास लागतो, आणि दहा ठिकाणच्या दहा गुंड्यांपैकीं जी मोठी व हिरवी दिसेल ती दाबतो. लिनक्सवर मात्र प्रत्येक आवृत्तीचें आपलें एक कोठार असतें. तेथील माल राखणारीं माणसें ठरलेलीं, प्रत्येक पुडक्यावर त्यांची सांकेतिक मोहोर, आणि ती मोहोर जुळल्याशिवाय यंत्र पुडकें फोडीतच नाहीं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीच्या वाण्याकडून महिन्याचा किराणा भरावा तसें हें आहे. शिवाय घरांतील सर्व आज्ञावलींचीं अद्ययावत् रूपें एकाच वेळीं एकाच कोठारांतून येतात, हा लाभ निराळाच.

ह्या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व किती आहे, तें आमच्या शेजारींच एकदां दिसून आलें आहे. नेरूळहून उरणची लोकल २०२४ पासून सुरू झाली. त्या बाजूस न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २०१७ च्या जूनच्या २७ व्या तारखेस ‘नॉटपेट्या’ नांवाची विध्वंसक आज्ञावली जगभर पसरली आणि डेन्मार्कच्या मर्स्क ह्या जहाज-कंपनीचीं यंत्रें एकाएकीं बंद पडलीं. न्हावा-शेवा येथील एक धक्का त्याच समूहाकडे चालविण्यास होता. तेथील संगणक बंद पडले, पेटाऱ्यांची चढउतार ठप्प झाली आणि माल खोळंबला. कोठें युक्रेन आणि कोठें उरण ! कारण ह्या रोगाचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलींत होता, आणि तोही तिच्या अद्ययावतीकरणाच्या वाटेनें आंत शिरलेला. मर्स्कच्या अध्यक्षांनींच पुढें सांगितलें कीं, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हां उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याची एक मोलाची नोंद जगांत एकाच ठिकाणीं शाबूत राहिली होती, ती घाना देशांत. कां, तर ऐन वेळीं तेथील वीज गेली होती म्हणून! वीज जाण्याला आजन्म दूषणें देणाऱ्या आम्हां महाराष्ट्रीयांस ही कथा गोड वाटावी.

पण मुद्दा असा. नॉटपेट्या ज्या छिद्रांतून एका यंत्रावरून दुसऱ्यावर उडी मारी, त्यांपैकीं मुख्य छिद्र बुजविण्याचें ठिगळ मायक्रोसॉफ्टनें त्याच वर्षीं मार्चमध्यें दिलेलें होतें. मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’नें त्याच छिद्रांतून जगभर धुमाकूळ घातला, तरी जूनमध्येंही असंख्य यंत्रांवर तें लावलेलें नव्हतें. नॉटपेट्या चोरलेल्या परवलींच्या शब्दांवरही चालत असे, म्हणून केवळ ठिगळानें सर्व वांचले असते असें नव्हे. तथापि पहारेकरी नेमण्यापूर्वीं खिडकीची मोडकी कडी बसवावी, हा क्रम त्यावरून स्पष्ट होतो. आमच्या घरांत लिनक्स आलें तें ह्याच कारणानें. ज्याला यापुढें ठिगळें मिळावयाचीं नाहींत असें विंडोज १० उत्तम अँटिव्हायरसनिशीं ठेवण्यापेक्षां, ज्याला तीं दर आठवड्यास मिळतात असें लिनक्स अँटिव्हायरसशिवाय ठेवणें आम्ही अधिक सुरक्षित समजतों. विंडोज १० धारण करणाऱ्या घरगुती ग्राहकांस कंपनीनें एका वर्षाची वाढीव मुदत देऊं केली होती. पण मुदत ती मुदतच.

आतां दुसरी बाजू. ‘यंत्राच्या मुळास हात लागत नाहीं’ हें समाधान घरगुती माणसाच्या फारसें उपयोगाचें नाहीं. दादांच्या मुदतठेवी, वहिनींचे जुने फोटो, आमचीं हस्तलिखितें, ब्राउझरांत साठविलेले परवलीचे शब्द, हें सर्व सामान्य माणसाच्याच हक्कांत असतें. वाड्याचा पाया कोणी उखडूं शकत नाहीं, ठीक; पण दागिने तर माजघरांतल्या फडताळांतच आहेत ! दुष्ट आज्ञावली एकदां आमच्याच हातानें चालली, तर ती लिनक्सवरही तें फडताळ रिकामें करूं शकते.

आणि ओळखीच्या वाण्याकडेंही कधीं कधीं भेसळ होते. २०१६ च्या फेब्रुवारींत ‘लिनक्स मिंट’ ह्या लोकप्रिय आवृत्तीच्या संकेतस्थळांत चोर शिरले आणि त्यांनीं उतरवून घ्यावयाच्या प्रतीच्या जागीं चोरदार ठेवलेली प्रत लावली. ती फसवणूक एका दिवसांत उघडकीस आली. २०२५ च्या जुलैंत ‘आर्च’ ह्या आवृत्तीच्या हौशी वापरकऱ्यांच्या सामायिक कोठारांत कोणी विषारी पुडकीं ठेवलीं होतीं. सर्वांत धडकी भरविणारी हकीकत २०२४ च्या मार्चमधली. ‘एक्सझेड’ नांवाची, फाइली दाबून लहान करणारी एक साधी मुक्त-स्रोत आज्ञावली एक थकलेला गृहस्थ एकट्यानें सांभाळीत होता. एका अज्ञात इसमानें दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून काम करून त्याचा विश्वास संपादला, आणि मग तींत गुप्त चोरदार बसविलें. तें सांपडलें कसें ? आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें, आणि त्यानें तो अर्धा सेकंद सोडून दिला नाहीं ! जगभरच्या स्थिर आवृत्त्यांत तें विष पोंचण्यापूर्वीं पकडलें गेलें. हा गुन्हा कोणा अँटिव्हायरसनें शोधला नव्हता, आणि मूळ मजकूर वाचावयास खुला नसता तर त्या अभियंत्यासही तो शोधतां आला असता कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंकाच आहे.

मग लिनक्सवर अँटिव्हायरस मिळतच नाहीं काय ? मिळतें. ‘क्लॅमएव्ही’ हें मुक्त-स्रोत अँटिव्हायरस फुकट आहे व पुष्कळ वर्षांचें आहे. परंतु त्याचें मूळ काम टपालाच्या सर्व्हरवर बसून येणाऱ्या जाणाऱ्या पत्रांतील, मुख्यतः विंडोजचे, रोग ओळखणें हें आहे. सतत जागें ठेवलें तर तें सुमारें एक गिगाबाइट रॅम खातें. चार गिगाबाइटांच्या आमच्या यंत्रांत त्यानें चौथा हिस्सा गिळला असता. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षांत येत नाहीं. पहारेकऱ्यास घराच्या सर्व किल्ल्या द्याव्या लागतात. २०२४ च्या एप्रिलांत ‘अवास्ट’च्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं, एका भारतीय अँटिव्हायरसच्या अद्ययावतीकरणाच्या वाटेवरच चोरांनीं ठाण मांडून त्या वाटेनें विष पाठविलें होतें. दुसरें असें कीं, विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा पहारेकरी आतां अंगभूतच असतो. तेथेंही वेगळे पैसे मोजून दुसरा ठेवावा कीं काय, हा वादाचाच विषय झाला आहे.

येथवर आमची चौकशी मुलीच्या बाजूस झुकत होती. तेवढ्यांत पहिला प्रसंग घडला.

मुंजीच्या आमंत्रणांची यादी आणि पत्रिकेचा मजकूर छापून आणावयाचा होता. कन्या पेन ड्राइव्ह घेऊन स्टेशनाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानांत गेली. परत आल्यावर तिला पेन ड्राइव्हमध्यें आपल्या फोल्डरांशेजारीं त्याच नांवांच्या कांहीं चमत्कारिक लहान फाइली दिसल्या. लिनक्सला त्यांचें कांहींच वाटलें नाहीं. मुलीनेंही त्यांकडे दुर्लक्ष केलें. दुसऱ्या दिवशीं आमच्या डोंबिवलीच्या भगिनी, ज्या शाळेंत शिक्षिका आहेत, तोच पेन ड्राइव्ह यादी तपासावयास घेऊन गेल्या, आणि त्यांनीं तो आपल्या विंडोजच्या लॅपटॉपला जोडला. तेथें खरीं फोल्डरें लपलेलीं आणि त्यांच्या जागीं तींच सोंगाडीं नांवें ! त्यांनीं त्यांवर टिचकी मारली. आठवड्यानें त्यांच्या शाळेच्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवरील दोन तुकड्यांचीं गुणपत्रकेंही तशींच दिसेनाशीं झालीं, आणि निकालाच्या आदल्या रात्रीं बिचाऱ्या आमच्याकडे फोन करून रडल्या. सुदैवानें फाइली नष्ट झाल्या नव्हत्या, लपविल्या गेल्या होत्या; कन्येनें त्या रात्रीं डोंबिवलीस जाऊन त्या सोडविल्या. पण तिचा चेहरा उतरला होता. तिचें यंत्र निरोगी होतें. तरी रोग तिच्याच हातानें गेला होता. विषमज्वराचे जंतु अंगांत बाळगून स्वतः धडधाकट हिंडणाऱ्या माणसाची गोष्ट वैद्यकांत प्रसिद्ध आहे, तशांतलाच हा प्रकार. एकत्र कुटुंबांत एकाच घरीं लिनक्स असून भागत नाहीं; आत्याबाईंकडे काय आहे, हेंही पाहावें लागतें.

दुसरा प्रसंग दादांचा. त्यांच्या फोनवरचें व्हॉट्सअप ते संगणकाच्या मोठ्या पडद्यावर उघडून वाचतात. एके सकाळीं वाहतूक-नियमभंगाचें चलन आल्याचा निरोप आला, सोबत एक ‘एपीके’ फाइल. दादांनीं ती संगणकावर उघडण्याचा प्रयत्न केला. कांहींच झालें नाहीं. “हें लिनक्स कांहीं उघडत नाहीं बुवा,” असें पुटपुटत त्यांनीं फोन उचलला, “फोनवर तरी उघडते का पाहूं.” कन्या न्याहारी टाकून धांवली आणि तिनें अक्षरशः त्यांच्या हातांतून फोन ओढून घेतला. वडीलधाऱ्यांच्या हातांतली वस्तु ओढण्याची आमच्या घरांतली ही पहिलीच वेळ, आणि त्याबद्दल तिला कोणी बोल लावला नाहीं. ती फाइल फोनवर बसली असती, तर बँकेचे ओटीपी वाचणारा परका मनुष्य दादांच्या खिशांतच येऊन बसला असता.

गंमत अशी कीं, अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. भिंतीवरचा राउटर आणि सोसायटीच्या जिन्यांतले कॅमेरे, ह्यांच्याही पोटांत पुष्कळदां लिनक्सच असतें. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या वर्मनें अशाच लाखों कॅमेऱ्यांची व राउटरांची सेना उभारली. कारखान्यांतून येतांना असलेले परवलीचे शब्द मालकांनीं बदललेले नव्हते, एवढ्याच एका चुकीवर. तेव्हां घरांत लिनक्स कोठें कोठें आहे, ह्याची मोजदाद केली तर संगणकाचा क्रमांक शेवटचा लागतो.

आमच्या घरापुरता निकाल असा झाला. संगणकावर सतत जागणारें अँटिव्हायरस ठेवावयाचें नाहीं. ठिगळें आपोआप लागतील अशी व्यवस्था ठेवावयाची. आज्ञावली कोठारांतूनच घ्यावयाच्या, आणि कोणी जाळ्यावर ‘ही ओळ चिकटवा’ असें सांगितलें तर ती ओळ न समजतां चिकटवावयाची नाहीं. क्लॅमएव्ही बसविलें आहे, पण तें झोपलेलें असतें. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह तपासण्यापुरतें त्यास उठवितात. फोटो व हस्तलिखितें यांची एक प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क कपाटांत, यंत्रापासून सोडवून, ठेविलेली असते. राउटरचा परवलीचा शब्द बदलला. दादांच्या फोनवर अनोळखी ठिकाणाहून आज्ञावली बसविण्याची परवानगी बंद केली, आणि फसवणूक झाल्यास तत्काळ कळविण्याचा सरकारी क्रमांक १९३० स्वयंपाकघरांत दूधवाल्याच्या हिशेबाशेजारीं लावून ठेवला आहे. ज्यांच्या घरीं लिनक्सच्या यंत्रावरून विंडोजच्या यंत्रांना फाइली वांटल्या जातात, त्यांनीं मात्र अँटिव्हायरस जागेंच ठेवावें, असें आमचें मत झालें आहे.

दादांचें समाधान झालें काय ? पुष्कळसें. दर रविवारीं सकाळीं पूजा आटोपल्यावर ते स्वतः ठिगळें लागलीं कीं नाहींत तें पाहतात आणि तारीख घालून एका वहींत नोंद करतात. छत्तीस वर्षांची संवय. डोंबिवलीच्या लॅपटॉपवरही लिनक्स बसवावें कीं काय, ह्याविषयीं भगिनींचें व कन्येचें बोलणें चालू आहे. शाळेचा गुणपत्रकाचा साचा तिच्यावर नीट उघडतो कीं नाहीं, तेवढें पाहावयाचें राहिलें आहे.